गंज कुठपर्यंत पोचला आहे?

आमची पद्मिनी या मालिकेत दोनदा ओझरती दिसली आणि तेव्हापासून इंदूर, बडोदा, बेळगाव, हैदराबाद अशा सगळीकडून एकच प्रश्न येतो आहे. वडिलांची, काकांची, आजोबांची जुनी गाडी अंगणात पडून आहे, गंजली आहे, ती घरच्या घरी चालती करता येईल का? आणि खर्च किती? आजचा भाग त्याच प्रश्नावर. खर्चाचा आकडा सुरुवातीलाच मागू नका. तो गाडीखाली शिरल्याशिवाय कोणालाच सांगता येत नाही.

सैन्यात एक शब्द आहे, बीईआर. बियॉण्ड इकॉनॉमिक रिपेअर. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या उरलेल्या आयुष्याला परवडणारा नसेल, तर ती गाडी वर्कशॉपला पाठवायची नाही, तिचा निकाल लावायचा. आमच्या पलटणीत जबलपूरच्या कारखान्यातून आलेल्या जोंगा, शक्तिमान, निसान वन-टन या गाड्या होत्या. त्यांच्याबाबत हा निर्णय भावनेवर होत नसे. घरच्या गाडीच्या बाबतीत मात्र तो शंभर टक्के भावनेवर होतो, आणि तिथेच पैसे बुडतात. म्हणून मी घरात सांगितलं, आधी तपासणी, मग रडारड.

गाडी माझ्या सासऱ्यांची. १९८६ ची प्रीमियर पद्मिनी, रंग फिका निळा, निदान कधीकाळी तरी. ते गेल्यावर ती तात्यापाऱ्यातल्या जुन्या घराच्या मागे पत्र्याच्या शेडमध्ये चौदा वर्षं उभी होती. सासूबाई आज सत्याऐंशीच्या आहेत. त्यांनी एवढंच विचारलं, "जावईबापू, मी असेपर्यंत होईल का?" या एका वाक्याने प्रकल्पाला तारीख मिळाली. आमच्या घरात यापूर्वी कोणी गाडीचा नटसुद्धा खोलला नव्हता. मी पायदळातला. गाड्या सही करून घेतल्या आणि सही करून परत दिल्या, मधलं सगळं ईएमईची मंडळी बघायची. हिला कागद आणि हिशेब उत्तम जमतात, लेकीच्या हातात चिकाटी आहे, आणि तेरा वर्षांच्या नातीला कुठलीही वस्तू उघडून बघायची असते. एवढ्या भांडवलावर सुरुवात केली.

गाडीबद्दल थोडं सांगतो, कारण तरुण प्रेक्षकांना पद्मिनी म्हणजे फक्त मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी वाटते. वालचंद हिराचंद हे सोलापूरचे. त्यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली आणि कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीच्या फियाटच्या परवान्याने गाड्या बनू लागल्या. १९६४ ला फियाट ११०० डिलाइट आली. तीच गाडी थोड्याफार फरकाने १९७४ पासून पद्मिनी या नावाने विकली गेली. १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, मागच्या चाकांना ताकद, स्टिअरिंगच्या दांड्यालाच गिअर, चारही चाकांना ड्रम ब्रेक. सगळं यांत्रिक, डोळ्यांना दिसणारं. कॉम्प्युटर नाही, सेन्सर नाही. घरच्यांनी शिकायला याहून चांगली गाडी नाही, असं माझं मत आहे. मुंबईत पद्मिनी टॅक्सीचं आयुष्य ऑक्टोबर २०२३ अखेर कायद्याने संपलं. तेव्हा बातम्या तुम्ही पाहिल्याच असतील.

पण याच गाडीत एक मेख आहे. जोंग्याला खाली जाड लोखंडी चौकट असते, चासी, आणि तिच्यावर डबा बसवलेला असतो. डबा सडला तरी चौकट उभी राहते. पद्मिनीला अशी वेगळी चौकट नाही. तिला मोनोकॉक म्हणतात. पातळ पत्रे दुमडून, एकमेकांना जोडून जे कवच तयार होतं, तेच तिचा सांगाडा. अंड्यासारखं. टरफल अखंड आहे तोवर भक्कम. जमिनीचा पत्रा, दारांखालच्या लांब पोकळ पेट्या, मागच्या पाट्यांचे स्प्रिंग जिथे टांगलेले असतात त्या जागा, हे सगळं तिचं हाडच. तिथला गंज म्हणजे शोभेचा प्रश्न नव्हे, धक्का बसल्यावर गाडी आतल्या माणसांना वाचवेल की नाही हा प्रश्न आहे. माझ्या गाडीत सत्याऐंशीच्या बाई आणि तेरा वर्षांची मुलगी बसणार होती. त्यामुळे इंजिन बघायच्या आधी आम्ही पत्रा बघितला.

तपासणीला खर्च जवळजवळ शून्य. एक लहान हातोडी, एक जुना स्क्रूड्रायव्हर, एक लोहचुंबक पातळ फडक्यात गुंडाळलेला, आणि टॉर्च. हातोडीने हलके ठोकत जायचं. शाबूत पत्रा खणखणीत वाजतो, खाल्लेला पत्रा भद्द आवाज करतो, माठासारखंच. शंका आली तिथे स्क्रूड्रायव्हर दाबायचा. आत गेला, तर तो पत्रा नव्हता, रंगाने धरून ठेवलेला चुरा होता. आणि चुंबक कशाला, तर जुन्या पेंटरांनी भोकं लांबी भरून बुजवलेली असतात. बाहेरून गुळगुळीत, पण चुंबक चिकटत नाही. गाडी विकत घेणार असाल तर हा चुंबक खिशात घेऊनच जा, विकणाऱ्याचा चेहरा बघण्यासारखा होतो.

कुठे ठोकायचं? जिथे पाणी थांबतं तिथे. पायाखालच्या मॅटखाली तागाचा नमदा असतो, तो एकदा भिजला की महिनोन्‌महिने ओला राहतो. दारांखालच्या पेट्यांना पाणी जायला छोटी भोकं दिलेली असतात, ती चिखलाने बंद होतात आणि पेटी आतून सडते. पुढच्या काचेच्या रबराखाली, चाकांच्या कमानीत, डिकीत स्टेपनीच्या खाली. आमच्याकडे डाव्या बाजूची पेटी बाहेरून छान होती. नातीने स्क्रूड्रायव्हर लावला तर तो मुठीपर्यंत आत गेला. भनपुरीच्या बाजूला ज्याची शेड आहे त्या मिस्त्रीने खाली वाकून बघितलं आणि म्हणाला, "साहब, गाडी तो बन जायेगी, पर नीचे कुछ है ही नहीं."

आता गंज म्हणजे नेमकं काय, हे रायपूरला राहून समजणं फार सोपं आहे. दल्ली-राजहऱ्याच्या खाणीतून लाल खनिज निघतं, हेमॅटाइट. म्हणजे लोखंड आणि प्राणवायू यांचं संयुग. ते भिलाईला जातं, भट्टीत कोळशाच्या मदतीने त्यातला प्राणवायू काढून घेतात, आणि लोखंड उरतं. लोखंडाला ही सुटका फारशी मानवत नाही. पाणी आणि हवा मिळाली की ते पुन्हा प्राणवायू धरतं आणि लाल भुकटी होऊन मूळ गावी निघतं. तुमच्या गाडीचा पत्रा म्हणजे खाणीकडे परत चाललेला प्रवासी. आपण फक्त त्याचा प्रवास लांबवू शकतो.

यात एक बारकावा महत्त्वाचा. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी पट जास्त जागा घेतो आणि तो सच्छिद्र असतो, ओलावा धरून ठेवतो. दोन पत्र्यांच्या जोडात तो तयार झाला की फुगून जोडच उलगडतो. म्हणून वरून रंग मारणं हा उपाय नाही, रंगाखाली काम चालूच राहतं. आमच्याकडे पावसाळ्यात चार महिन्यांत साधारण १,२०० मिलीमीटर पाऊस पडतो, आणि उरला-सिलतराच्या कारखान्यांची बारीक काळी धूळ प्रत्येक फटीत बसते. धूळ स्पंजासारखी पाणी धरते. श्रावणात घासून लख्ख केलेला पत्रा एका रात्रीत तांबूस होतो, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलं आहे. त्यामुळे पत्र्याचं काम नोव्हेंबर ते मे. पावसाळ्यात कार्ब्युरेटर, वायरिंग, गाद्या अशी बसून करायची कामं.

पत्रा कापायच्या आधी दोन गोष्टी. एक, कागद. गाडी सासऱ्यांच्या नावावर, ते नाहीत, नोंदणीची मुदत संपलेली. अशी गाडी लाख रुपये घालून चकचकीत केली तरी रस्त्यावर आणता येत नाही. मृत मालकाची गाडी वारसाच्या नावावर करायला फॉर्म ३१ असतो, त्यासाठी मृत्यूनंतर तीन महिन्यांत अर्ज करायचा असतो. उशीर झाला असेल तर दंड आणि चकरा, पण वाट बंद होत नाही. नोंदणीच्या नूतनीकरणाला फॉर्म २५. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, पुढे तपासणी करून पाच-पाच वर्षांनी. २०२२ मध्ये मोटारीच्या नूतनीकरणाची फी ६०० वरून ५,००० झाली, आणि २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या गाड्यांना ती १०,००० केली. दिल्लीच्या परिसरात पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाडीचे नियम आणखी कडक आहेत, तिकडच्या प्रेक्षकांनी आधी तेच बघावं. "व्हिंटेज" म्हणून वेगळी नोंदणी मिळते ती पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं उलटलेल्या गाडीला, २०२१ च्या नियमांप्रमाणे, आणि तशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही. आपली १९८६ ची, ती आपल्यापुरती क्लासिक, कायद्याला नुसती जुनी. हिने सगळे वारस एका टेबलाशी बसवले, सह्या घेतल्या, मगच मी बोल्ट खोलायला परवानगी दिली. मंडळी, बहुतेक अंगणातल्या गाड्या गंजाने मरत नाहीत, भावंडांत न झालेल्या सह्यांनी मरतात. चासी नंबर जिथे ठोकलेला असतो तो पत्रा कापू नका. त्यावर कागद ठेवून पेन्सिलने छाप काढून ठेवा.

दुसरी गोष्ट, सुरक्षा. सडलेल्या पेटीला जॅक लावला की तो पत्र्यातून वर येतो आणि गाडी खाली. फक्त जॅकवर उचललेल्या गाडीखाली आमच्याकडे कोणी जायचं नाही, हा हुकूमच होता. शाबूत जागी स्टँड, शिवाय खाली सागवानी ओंडके. पेट्रोलची टाकी पहिल्या दिवशी काढून लांब ठेवली. रिकामी टाकी भरलेल्यापेक्षा जास्त धोकादायक, आत वाफ असते. टाकीला घरी वेल्डिंग कधीच नाही. जुन्या ब्रेक-लायनिंगमध्ये अॅस्बेस्टस असू शकतं, म्हणून ड्रममधली धूळ हवेने उडवायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची. जुन्या रंगात शिसं असू शकतं, तो पाणी लावून घासायचा. नातीला मास्क, गॉगल आणि हातमोजे असतील तरच प्रवेश. ती कुरकुरली. सैन्यातही जवान हेल्मेटबद्दल कुरकुरतात.

आता कापणं. मोनोकॉकची दाराखालची पेटी सरळ कापून काढली तर मधला भाग खचतो आणि मग दारं आयुष्यात बसत नाहीत. म्हणून आधी गाडी सपाट जमिनीवर सारख्या उंचीवर टेकवायची, दाराच्या चौकटीत आडवे-तिरपे अँगल तात्पुरते जोडून घ्यायचे, मग एका वेळी एकच बाजू, तीही तुकड्यातुकड्याने. दर तुकड्यानंतर दार लावून फट बघायची. आमची लेक दर वेळी चार ठिकाणी मोजमाप घेऊन वहीत लिहायची. मिस्त्री पहिल्या आठवड्यात हसला. तिसऱ्या आठवड्यात मागच्या दाराची फट तीन मिलीमीटरने कमी झालेली त्या वहीतूनच कळली. मग तोच "दीदी, नाप लिखा क्या?" विचारू लागला.

पत्रा कोणता, तर सीआर. जमिनीला २० गेज, पेट्यांना १८. गॅस वेल्डिंगने पातळ पत्रा उष्णतेने वाकडा होतो, म्हणून ज्याला इथे सीओटू म्हणतात ते वेल्डिंग घ्या, आणि तेही सलग रेघ न ओढता ठिपक्या-ठिपक्यांनी, जागा बदलत. काही जण जस्ताचा पत्रा सुचवतात, गंजत नाही म्हणून. पण तो जळताना जस्ताचा धूर होतो आणि तो श्वासात गेला की ताप भरतो. जुन्या पत्र्यावर नवा पत्रा ठेवून चारी बाजूंनी जोडून टाकणं ही सगळीकडची स्वस्त पद्धत आहे. त्या दोन पत्र्यांमध्ये पाणी अडकतं आणि पाच वर्षांनी दोन्ही गेलेले असतात. सडका भाग लख्ख पत्रा दिसेपर्यंत कापा. आमच्या पत्र्याचा अंदाज ३५ हजारांचा होता, झाला ६८ हजार. गाडीखालून आणखी गाडी नाहीशी होत गेली. मी घरच्या बीईआर समितीत आधीच सांगून ठेवलं होतं की अंदाजाच्या दुपटीला बैठक बसेल. ती बसली नाही, दोन हजार रुपयांनी वाचलो.

गंजलेले लहान भाग, म्हणजे बिजागऱ्या, कंस, बंपरचे आधार, यांच्यासाठी मात्र घरात प्रयोगशाळा झाली. प्लास्टिकच्या टबात पाणी आणि धुण्याचा सोडा, लिटरला एक मोठा चमचा. साधा बॅटरी चार्जर. गंजलेला भाग चार्जरच्या ऋण टोकाला, भंगारातला सळईचा तुकडा धन टोकाला, दोघांनी एकमेकांना शिवायचं नाही. बुडबुडे येतात आणि रात्रभरात गंज काळा होऊन सुटतो, ब्रशने निघतो. चांगल्या लोखंडाला धक्का लागत नाही, हा याचा मोठा गुण. तीन पथ्यं पाळा. हे उघड्यावर करा, कारण बुडबुड्यांत हायड्रोजन असतो. धन टोकाला स्टेनलेस स्टील लावू नका, त्यातून क्रोमियमचं विषारी पाणी होतं. आणि स्प्रिंग किंवा कडक पोलादी बोल्ट यात बुडवू नका, हायड्रोजन शिरून ते ठिसूळ होऊ शकतात. तारा जोडण्यापूर्वी आणि काढण्यापूर्वी चार्जर बंद. नातीने प्रत्येक वस्तूचा आधीचा-नंतरचा फोटो काढून भिंतीवर लावला. शाळेत रसायनात जेमतेम पास होणारी पोरगी आता जेवताना मला ऑक्सिडेशन समजावते.

मोठ्या पत्र्यावर जिथे खड्डे पडलेत पण भोक नाही, तिथे तारेच्या ब्रशने घासून फॉस्फोरिक आम्लाचं रस्ट कन्व्हर्टर लावलं. ते नीट धुवून, सुकवून, लगेच प्रायमर. बाजारात पटकन रेड ऑक्साइड हातात देतात. तो स्वस्त आहे, पण नुसता ठेवला तर पाणी शोषतो. गाडीच्या पोटाला इपॉक्सी प्रायमर घ्या, महाग पडलं तरी. पेट्यांच्या आत ब्रश जात नाही, तिथे मेणासारखं द्रव लांब नळीने फवारतात. फवारल्यावर पाण्याची भोकं तारेने मोकळी करायला विसरू नका, नाहीतर पुन्हा तोच तलाव.

इंजिन हा या गोष्टीतला सोपा भाग निघाला, म्हणून थोडक्यात सांगतो. चौदा वर्षं पडलेल्या इंजिनाला स्टार्टर मारायचा नाही. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं पातळ तेल, चार-पाच दिवस मुरू द्यायचं, मग पुढच्या पुलीच्या नटाला पाना लावून हाताने हलकं फिरवायचं. आमचं सहाव्या दिवशी फिरलं. तेल बदललं, पाण्याचे होज बदलले, कार्ब्युरेटर उकलून साफ केला, पेट्रोलची जुनी रबरी नळी आणि पंपाचा पडदा टाकून दिला. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. जुनं रबर त्याने फुगतं, तडकतं, आणि इथेनॉल ओलावाही ओढतं. म्हणून नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्याच मागा, आणि गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर टाकीत जुनं पेट्रोल ठेवू नका. ब्रेकचे सगळे सील, सगळ्या लवचिक नळ्या नव्या, न बघता. सुटे भाग मिळतील का याची काळजी करू नका. मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड, दिल्लीत कश्मिरी गेट, तिथले जुने दुकानदार भागाचं चित्र पाठवलं की ओळखतात.

रंग फेब्रुवारीत झाला. सासूबाईंना निळ्याची छटा दाखवायला तीन पत्रे रंगवून नेले. त्यांनी तिन्ही नाकारले आणि कपाटातून एक डबी काढली. त्यात सासऱ्यांनी कधीतरी खरचटलेल्या जागी लावायला घेतलेला रंग होता, वाळून दगड झालेला. त्या दगडाच्या कडेवरून पेंटरने छटा जुळवली.

एप्रिलमध्ये तपासणी होऊन नोंदणी मिळाली, आणि पहिल्या रविवारी सासूबाई पुढच्या सीटवर बसून तेलीबांध्याला फेरी मारून आल्या. त्यांनी संपूर्ण रस्ता मला गिअर कधी बदलायचा ते सांगितलं.

आता पावसाळा तोंडावर आहे, तर जाता जाता साठवणीचं. गाडीवर प्लास्टिकची ताडपत्री गुंडाळू नका, जमिनीचा ओलावा आत कोंडतो. हवा खेळणारं सुती आवरण, छप्पर वर, बाजू उघड्या. आठवड्यातून एकदा पाच मिनिटं इंजिन चालू करून बंद करणारे बरेच आहेत. त्याने सायलेन्सरमध्ये पाणी साचतं आणि तो आतून जातो. चालू करायची तर वीस-पंचवीस मिनिटं रस्त्यावर न्या, नीट गरम होऊ द्या. परत आल्यावर चाकांच्या कमानींतला चिखल धुवा, आणि दारांखालची ती भोकं तारेने तपासा. आमच्या घरी हे काम दर रविवारी नातीकडे आहे. त्याची नोंद वहीत होते, सही माझी लागते.

पुढच्या भागात वायरिंग. जुन्या गाडीला आग लागते ती बहुतेकदा तिथूनच.